काळा स्पंज धुऊन टाकल्याची तक्रार

दिनांक : 28 एप्रिल 2025
नागपूर

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : 5 एप्रिल रोजी घरी चार फुटी प्लांटेड टँक (आत झाडं लावलेला माशांचा टँक) लावताना आपल्या माणसांनी केलेला निष्काळजीपणा, त्यात दगावलेले अकरा मासे आणि आपलं 12 एप्रिलचं उत्तर

महोदय,

आपलं 12 तारखेचं उत्तर मिळालं. 'नागपूरचा उन्हाळा तीव्र असल्याने मासे दगावले असावेत, जिवंत माशांवर कंपनीची गॅरंटी नसते, तरी सदिच्छा म्हणून दहा टेट्रा मोफत देण्यात येतील' असं आपण लिहिलंय. ते दहा टेट्रा मासे मला नकोत. हेल्पलाइनवर मी पाच वेळा फोन केला. पाचही वेळा नवीन माणूस, आणि पाचही वेळा त्याचा पहिला प्रश्न एकच : 'मॅडम, मासे आमच्याकडून कधी घेतले होते?' म्हणून आता सगळं कागदावर देते आहे.

मासे आपल्याकडून घेतलेलेच नव्हते. दोन एंजल, सात लेमन टेट्रा आणि पाच कोरी (तळाशी राहणारे छोटे मासे), असे चौदा मासे माझ्या घरी आधीपासून होते. एंजल तर सहा वर्षांपासून. ते रुपयाच्या नाण्याएवढे होते तेव्हा दोन फुटी टँक पुरत होता. 2 × 1 × 1 फूट म्हणजे काठोकाठ भरला तरी 56 लिटर. आता वळताना त्यांचे पंख काचेला घासायला लागले होते, म्हणून आपल्याकडे 4 × 1.5 × 1.5 फुटांचा टँक सांगितला. त्यात 250 लिटरच्या वर पाणी मावतं. टँक, स्टँड, माती, लाइट, कॅनिस्टर फिल्टर, झाडं असं सगळं धरून 41,800 रुपयांचं बिल झालं. त्यात 'मत्स्य स्थलांतर सेवा – 3,500 रुपये' अशी वेगळी ओळ आहे. आपल्या माहितीपत्रकात या सेवेपुढे 'जुन्या टँकमधील जीवाणू जपून मासे हलवले जातात' असं छापलंय. पैसे मी त्या एका वाक्याचे दिले. नाहीतर बादलीतून टँकमध्ये मासे सोडायला मला कोणी कशाला लागतं?

आता 5 तारखेचं. माणसं नऊला येणार होती, साडेअकराला आली. दुसऱ्या दिवशी रामनवमी होती, शोभायात्रेमुळे रस्ते बंद राहणार, म्हणून त्यांना त्याच दिवशी आणखी दोन घरं उरकायची होती. हे मला त्यांच्याच बोलण्यातून कळलं. मी आदल्या दिवशी माशांना खाणं दिलं नव्हतं. सकाळीच जुन्या पाण्याच्या बादल्यांत मासे काढून एअर स्टोन लावून ठेवला होता. जुन्या फिल्टरचा स्पंज वेगळ्या गंजात (पातेल्यात), जुन्याच पाण्यात बुडवून ठेवला होता आणि दोघांना दाखवून सांगितलं होतं, 'हा असाच्या असा नव्या फिल्टरमध्ये जाईल.' दोघांनीही मान डोलावली.

मी चहा ठेवायला आत गेले. मोरीतल्या नळाचा आवाज आला म्हणून बाहेर आले तर त्यातला एक मुलगा धारेखाली तो स्पंज दोन्ही हातांनी पिळत होता. काळं पाणी जाळीतून वाहत होतं. त्याने वर बघून अगदी आनंदाने सांगितलं, 'काकू, किती घाण होती जी याच्यात! एकदम नव्यासारखा करून दिला.' स्पंज पिवळाधमक झाला होता. त्या मुलावर मला राग काढायचा नाही. त्याला कोणी शिकवलेलंच नव्हतं, आणि शिकवायचं काम आपलं होतं.

आपल्याकडे हे पत्र जो कोणी वाचेल त्याला माहीत नसेल तर सांगते. मासे कल्ल्यांमधून सतत अमोनिया सोडतात. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजूनही तोच तयार होतो. स्पंजमध्ये आणि खालच्या खड्यांत वसलेले जीवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात आणि मग नायट्रेट, जे माशांना बरंच सोसतं आणि झाडंही खातात. ही वस्ती नव्याने बसायला चार ते सहा आठवडे लागतात. माझ्या स्पंजमध्ये ती सहा वर्षांची होती. जिला 'घाण' म्हटलं तीच ही वस्ती. चांगल्या स्पंजला वासही येतो, पहिल्या पावसात माती भिजते तसा. नागपुरात नळाला पेंच-कन्हानचं पाणी येतं, ते क्लोरीन घालून येतं, आणि जंतू मारणं हेच तर क्लोरीनचं काम आहे. जुने खडे तोवर पोत्यात भरून बाहेर ठेवले गेले होते, उन्हात.

मी विचारलं, आता काय करायचं? उत्तर मिळालं, 'टेन्शन नका घेऊ काकू, बॅक्टेरिया बाटलीत येते.' मग बाटलीतलं दोन झाकणं पाणी ओतलं आणि संध्याकाळी पाच वाजता चौदाही मासे नव्या टँकमध्ये सोडले. माझी चूक कबूल करते. मी त्याच वेळी त्यांना थांबवायला हवं होतं. पण जुना टँक रिकामा होऊन गॅलरीत उभा होता आणि मासे सकाळपासून बादलीत होते.

दुसरी गोष्ट मातीची. प्लांटेड टँकसाठी आपण जी खतयुक्त माती दिली, ती पहिले काही आठवडे स्वतःच पाण्यात अमोनिया सोडते. हे मी शोधून काढलेलं नाही. आपलीच रिकामी पिशवी मी जपून ठेवली आहे. तिच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलंय की पहिल्या आठवड्यात रोज पाणी बदला आणि अमोनिया शून्यावर आल्याशिवाय मासे सोडू नका. म्हणजे ज्या दिवशी ती पिशवी फोडली त्याच दिवशी मासे सोडायला नको होते. 'मोठा टँक आहे, पाणी भरपूर आहे, काही होत नाही' असं हेल्पलाइनवर सांगण्यात आलं. चौदा माशांचा अमोनिया एवढ्या पाण्यात विरून गेलाही असता, पण मातीच अमोनिया सोडत असेल तर तो कशात विरणार?

सोमवारी, 7 तारखेला, मासे काचेशी उभे राहून भराभर कल्ले हलवायला लागले. मी टेस्ट किट आणला. अमोनियाच्या नळीतलं पाणी पिवळं राहायला हवं होतं, ते हिरवं झालं, कार्डावर 2 आणि 4 पीपीएमच्या (दहा लाख भागांत इतके भाग) मधला हिरवा. नायट्राइट शून्य, म्हणजे बाटलीतले बॅक्टेरिया कामाला लागलेच नव्हते. पीएच, म्हणजे पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा, 6.6.

मंगळवारी हे सगळे आकडे मी आपल्या व्हॉट्सॲप नंबरवर पाठवले. उत्तर आलं, '50% पाणी बदला, नळाचं नसेल तर बोअरचं चालेल.' त्या दिवशी आमच्याकडे नळाला पाणी कमी आलं होतं. मी बोअरचं पाणी घातलं. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, बादलीला पांढरा थर धरतो. संध्याकाळी पीएच 7.6 झाला होता.

पीएच कमी असतो तेव्हा बहुतेक अमोनिया अमोनियमच्या रूपात राहतो आणि माशांना कमी बाधतो. पीएच एकने चढला की त्यातला विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. पाणी अर्धं बदललं म्हणून एकूण अमोनिया अर्धा झाला असेल, पण जो उरला तो आदल्या दिवसापेक्षा कितीतरी जास्त विषारी झाला. आकडे आपल्यापुढे होते. नायट्राइट शून्य, अमोनिया वर, पीएच 6.6. असा टँक समोर असताना जड पाणी घालायला सांगू नये, हे त्या दिवशी मला माहीत नव्हतं. ज्यांना माहीत असायला हवं त्यांना मी 3,500 रुपये दिले होते.

बुधवारी पहाटे पाचही कोरी मातीवर आडवे पडलेले होते. दुपारपर्यंत पाच टेट्रा गेले. दोन एंजलांपैकी मोठा रात्री गेला. तो शेवटचे दोन तास फिल्टरच्या नळीखाली, जिथे पाणी पडून बुडबुडे होतात, तिथेच तोंड वर करून होता. त्याच दिवशी फोनवर 'निळं औषध टाका' असंही सांगण्यात आलं. ते मी टाकलं नाही. मिथिलीन ब्लूने सिलिकॉन निळं पडतं आणि नव्याने बसू पाहणारे जीवाणूही मरतात.

आता उन्हाळ्याबद्दल. थर्मामीटर टँकमध्येच आहे आणि त्या तीन दिवसांत त्याने 29 च्या वर आकडा दाखवला नाही. खोलीत कूलर चालू होता. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो हे खरं. पण त्या एंजलांनी याच घरात, त्या 56 लिटरच्या टँकमध्ये, अख्खे मे महिने काढले आहेत. दुपारी बर्फ केलेली पाण्याची बाटली टँकमध्ये तरंगत सोडायची, रात्री झाकण उघडं ठेवायचं, एवढ्यावर. मेअखेरचा नवतपा सोसलेला मासा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात उन्हाने मरतो, हे मला पटत नाही. काहीही बिघडलं की उन्हाळ्याच्या नावावर ढकलायची सवय नागपुरात सगळ्यांनाच आहे, आपण मात्र बिल घेऊन ढकलता आहात.

झाडांबद्दलही लिहिते. पाच कुंड्या 'ॲक्वाटिक ग्रीन, स्ट्राइप' या नावाने 1,250 रुपयांना लावल्या आहेत. ती ड्रॅसिना आहे, लकी बांबूची बहीण. दिवाणखान्यात कुंडीत ठेवतात ती. पाण्याखाली बुडवली की महिनाभर हिरवी दिसते आणि मग खालून सडते. तिच्यातल्या दोन कुंड्या आत्ताच बुडाशी मऊ झाल्या आहेत. अनुबियसचं आल्यासारखं आडवं खोड मातीत पुरलं होतं. ते दगडाला किंवा लाकडाला बांधून वर ठेवायचं असतं, पुरलं तर कुजतं. ते मी स्वतः उपटून दोऱ्याने लाकडाला बांधलं. क्रिप्टो नावाच्या झाडांची पानं वितळली त्याची मात्र माझी तक्रार नाही. जागा बदलली की ती झाडं तसं करतातच, मुळं धरली की पुन्हा फुटतात. व्हॅलिसनेरिया उत्तम आहे. काचही सांगितल्याप्रमाणे 10 मिमीची आहे, जोड स्वच्छ आहेत, स्टँड लेव्हलला बसलाय. चांगलं केलं ते चांगलंच म्हणेन.

उरलेला एक एंजल आणि दोन टेट्रा सध्या प्लॅस्टिकच्या टबमध्ये आहेत. खामल्यातल्या एका ओळखीच्या मुलाने त्याच्या टँकमधला काळा स्पंज पाण्यासकट डब्यात घालून आणून दिला, त्यावर ते जगले. तसाच दुसरा तुकडा मी मोठ्या टँकच्या कॅनिस्टरमध्ये घातला. आज अमोनियाची नळी पिवळी आली, नायट्राइटची अजून जांभळट आहे, म्हणजे पाण्यात नायट्राइट अजून आहे. म्हणजे 41,800 रुपयांच्या टँकमध्ये आज फक्त झाडं आहेत आणि मासे टबात.

माझं मागणं असं आहे. स्थलांतर सेवेचे 3,500 आणि ड्रॅसिनाचे 1,250, असे 4,750 रुपये परत करावेत आणि त्या कुंड्या घेऊन जाव्यात. अकरा माशांची किंमत मी मागत नाही. बाजारभावाने ती फार होणार नाही आणि मला तो हिशेब करायचाही नाही. घरोघरी जाणाऱ्या आपल्या प्रत्येक माणसाला लेखी सूचना द्यावी की जुना स्पंज नळाखाली धरायचा नाही, पिळायचाच असेल तर जुन्या टँकच्या पाण्यात पिळायचा, आणि नवी माती घातलेल्या टँकमध्ये त्याच दिवशी मासे सोडायचे नाहीत. त्या सूचनेची प्रत मला पाठवावी. आणि 'बोअरचं चालेल' हे उत्तर पीएच न विचारता द्यायचं बंद करावं.

बिलाखाली 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असा शिक्का आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार, बिलावर मुदत दिलेली नसेल तर सदोष माल तीस दिवसांत परत घेऊन पैसे देण्यास नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. तीस दिवस 5 मे रोजी होतात, म्हणून हे पत्र आज देते आहे. स्थलांतराबाबत जे घडलं त्याला त्याच कायद्यात 'सेवेतील त्रुटी' म्हणतात. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर मी नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. आपलं मुख्य कार्यालय दुसऱ्या शहरात असलं तरी ग्राहक राहतो तिथे तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही.

बिल, मातीच्या पिशवीचा फोटो, 8 एप्रिलचे व्हॉट्सॲप मेसेज आणि टेस्ट किटच्या नळ्यांचे तारखेसह फोटो सोबत जोडले आहेत. कुंड्या न्यायला माणूस पाठवाल तर सकाळी दहाच्या आत पाठवावा. स्पंज धुणारा तोच मुलगा आला तरी चालेल, त्याला चहा देईन आणि टबातला काळा स्पंज दाखवीन.

आपली ग्राहक,
त्रिमूर्तीनगर, नागपूर