शेगडीला कठडा लावून घे

दापोली,
12 जुलै

प्रिय संतोष,
सप्रेम नमस्कार.

बोट शाकारून झाली आणि इंजिन खोललंय, असं तुझ्या भावाकडून कळलं. पावसाळी मासेमारीबंदी 31 जुलैपर्यंत आहे, म्हणजे वेल्डर आणि वायरमन अजून तुझ्या हाताशी आहेत. म्हणून आत्ताच लिहितोय. एकदा बोट पाण्यात गेली की तू कुणाच्या बापाचं ऐकत नाहीस.

बोटीवर माणूस भाजला म्हटलं की लोकांना आगच आठवते. आगी लागतातच. 2025 च्या फेब्रुवारीत अलिबागजवळ अक्षीच्या समुद्रात बोट पेटली होती, नशिबाने सगळे, 18 खलाशी, वाचले. पण माझ्या ड्रेसिंगच्या टेबलावर येतात ते बहुतेक कालवणाने नाहीतर इंजिनाने भाजलेले. कुणी गरम सायलेन्सरला टेकलेला, कुणी तापलेल्या इंजिनाच्या पाण्याचं झाकण घाईने उघडून तोंडावर वाफ घेतलेला.

गेल्या हंगामात एका नेपाळी पोराला आणलं. लाट आडवी बसली, उकळता टोप शेगडीवरून घसरला आणि मांडीपासून गुडघ्याच्या मागेपर्यंत सांडला. सोबतच्यांनी मायेने टूथपेस्टची अख्खी ट्यूब थापली. बंदरात पोचेपर्यंत ती वाळून खडखडीत झालेली, खालचे फोड फुटलेले. मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने मी ती थोडी थोडी सोडवत होतो आणि पोरगा टेबलाची कड धरून गप्प पडला होता. पायातला काळा दोरा सुजेत रुतला होता, तो कात्रीने कापावा लागला.

तांडेलाला, म्हणजे त्या बोटीच्या कप्तानाला, विचारलं, पाणी का नाही ओतलं? म्हणाला, "गोडं पाणी प्यायला पुरवायचं असतं, साहेब." त्याचंही खरंच आहे, ड्रम मोजकेच असतात. पण अरे, बादली तर होती! भाजल्यावर 20 मिनिटं त्यावर पाणी ओतत राहायचं. गोडं असेल तर उत्तम, नसेल तर उघड्या समुद्रातलं ओढायचं (बंदरातलं घाण पाणी मात्र नको). बर्फ तुमच्या खणात ढिगाने असतो, तरी तो जखमेवर ठेवायचा नाही, त्याने कातडी आणखी मरते. भिजलेली बर्मुडा लगेच उतरवायची, पण चिकटली असेल तर ओढायची नाही. अंगठी, दोरा, कडं सूज यायच्या आत काढायचं. मग वर स्वच्छ प्लॅस्टिकचा कागद किंवा धुतलेलं सुती कापड सैल ठेवायचं. हळद, शाई, पेस्ट काही नाही. फोड फोडायचा नाही. हे तांडेलाला पाठ करून घे, कारण पहिली 20 मिनिटं त्याच्याच हातात असतात, माझ्या नाही.

धूर कोंडून नाकात काजळी दिसली किंवा आवाज घोगरा झाला, तर जखम लहान असली तरी थांबू नका, लगेच मदत मागा. फायबरची बोट पेटली की तो काळा धूर आगीपेक्षा लवकर मारतो. वायरलेसवर 16 नंबरचा चॅनेल, मोबाईलला रेंज असेल तर कोस्ट गार्डचा 1554. हे दोन्ही आकडे केबिनमध्ये पेंटने लिहून ठेव, नेपाळी पोरांनाही वाचता येतील असे. देवनागरीच वाचतात ती.

आता वेल्डरचं काम. शेगडीभोवती लोखंडी पट्टीचा कठडा, टोपाच्या अर्ध्या उंचीपर्यंत. सायलेन्सरला ग्लासवूल गुंडाळून वर पत्रा. सिलेंडर केबिनमध्ये नको, वर उघड्यावर बांध आणि स्वयंपाक झाला की सिलेंडरवरूनच बंद करायला सांग. गळालेला गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली तळात उतरून बसतो, आणि तिथेच तुझ्या बॅटऱ्या आहेत. मागच्या वेळी त्यातल्या एकीची वायर उघडी होती, मी पाहिली आहे.

तू म्हणशील, खर्च. जाळ्याला चांगली मासळी लागली की एका रात्रीत निघतो तेवढा.

त्या पोराचा गुडघा पूर्ण सरळ होत नाही, मागची कातडी आवळली आहे. त्याला ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरला दाखवायला सांगितलंय, पण मालक अजून टाळतोय. तुझी त्याच्याशी ओळख आहे ना? एक फोन कर. वेल्डर कोणत्या दिवशी येतोय तेही कळव, मी हर्णैला येतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनिल