पोकलेन लावण्याआधी ढीवरांना विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा लागला की आमच्याकडे मामा तलावांतला, म्हणजे माजी मालगुजारी तलावांतला, गाळ काढायला पोकलेन येते. गाळ निघायलाच हवा, याबद्दल दुमत नाही. पण मागच्या उन्हाळ्यात आमच्या गावच्या तलावात जे झाले ते पाहून राहवले नाही.

मशीनने काठापासूनच सरळ उभे खोदायला घेतले. चार दिवसांत तलावाची उथळ कड गेली. मी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभा होतो, शेजारी मासेमारी करणाऱ्या ढीवरांच्या मोहल्ल्यातली एक आजी. म्हणाली, "कड तं ठेवलीच नाही जी, गुरुजी. आता मरळ अंडे घालन कुठं?"

मरळ मासा काठच्या उथळ पाण्यात, देवधान, चिला या पाणवनस्पतींच्या आडोशाला अंडी घालते, पिलांची राखण करते. रोहू, कटला साचलेल्या पाण्यात वीण करत नाहीत, म्हणून त्यांची बोटुकली (बोटाएवढी पिले) दरवर्षी विकत आणावी लागते. मरळीसाठी कधी कोणाला पैसा मोजावा लागला नव्हता. शिवाय खोदाईची खोली भरावी म्हणून एका कोपऱ्यात पाणी धरणारी तळाची चिकण माती फोडून पार मुरमापर्यंत गेले. होळीपर्यंत पुरणारे पाणी यंदा संक्रांतीनंतरच खाली बसले.

हे तलाव बांधले कोणी? गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या शेतकऱ्यांनी. नवेगावबांधचा एवढा मोठा जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचे आजही सांगतात. पाळ कुठे घालायची, तुडूम (पाणी सोडायचे दार) कुठे बसवायचे, हे त्यांना जमिनीचा उतार आणि माती पाहून कळत होते. 1950 च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची मालकी, गेली, तलाव सरकारकडे आले, आणि ही जाण असलेली माणसे बाजूला पडली.

2002 च्या जैवविविधता कायद्यामुळे गावोगावी तिथल्या प्राणी-वनस्पतींविषयी लोकांना असलेल्या माहितीची नोंदवही झाली. आमच्या गावची मी मागून पाहिली. माशांच्या रकान्यात दोनच नावे, रोहू आणि कटला! त्याच आजीने जाळे विणता विणता मला बावीस नावे सांगितली. कोणता मासा कोणत्या गवतात राहतो, तेही. नोंदवही लिहिणारा तिच्या दारापर्यंत गेलाच नव्हता.

आमच्या भंडारा-गोंदियात काही गावांतल्या ढीवर बायांनी तलावातले बेशरम हे तण उपटून पाणवनस्पती लावल्या आहेत. म्हणजे हे ज्ञान अजून हातात आहे. माझी मागणी एवढीच, की अंदाजपत्रक करण्याआधी अभियंत्यांनी ग्रामसभेसोबत आणि ढीवरांसोबत तलाव पायी फिरावा. कुठे खोदायचे आणि कुठे हात लावायचा नाही, त्या खुणा त्यांच्याकडून घालून घ्याव्यात. त्या दिवसांचे मानधनही त्यांना द्यावे. सल्लागाराला देतो, मग त्यांना का नाही?

यंदाच्या कामांची यादी अजून निघायची आहे. आजीला पाळीवर घेऊन यायला मी तयार आहे. साहेबांनी फक्त तारीख कळवावी.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया