चि. मुक्तास

सिडको, नाशिक
रविवार

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तुम्ही चौघांनी कांदा लहान-मोठा वेगळा करायचं मशीन बनवलंत, त्या कोर्सच्या शेवटी लिहून दिलेलं तुझं मनोगत काल सेकंड शिफ्टवरून आल्यावर वाचलं, सकाळी पुन्हा वाचलं. लिहिलंस फार छान. पण तिसऱ्या पानावर "ड्रिलिंग करताना पत्रा फिरला, अंगठ्याला टाके पडले, त्यानंतर आम्ही क्लॅम्प वापरू लागलो" असं एका ओळीत उरकून तू लगेच चेनच्या दातांकडे वळलीस. टाके किती? कुठल्या हाताला? आणि आईला हे कॉलेजच्या कागदावरून कळावं? बाबांना मी अजून सांगितलेलं नाही.

रागवायला बसलेले नाही. कौतुक करायला बसले होते, तेच करते.

सुरुवातीचे आठवडे सरांनी काही बनवूच दिलं नाही, नुसतं लोकांना भेटायला लावलं, त्याची चिडचिड झाली असं लिहिलंस. पण म्हणूनच तुम्ही ऑगस्टमध्ये मामाकडे गेलात, साठवलेल्या कांद्याची चाळ फोडली होती तेव्हाच. कॅमेरा लावून कांदा ओळखायचा असं तुमच्यातल्या कॉम्प्युटरवाल्या मुलीचं ठरलंच होतं, आणि मामींनी विचारलं, लाइट गेल्यावर काय करायचं? त्या एका प्रश्नावर मशीन हँडलचं झालं. त्या मुलीनं आपली कल्पना सोडून दिली आणि रोलरच्या चेनला हात घातला, हे तू लिहिलंस ते मला सगळ्यात आवडलं. आपलं सोडून देणं मोठमोठ्या इंजिनिअरांना जमत नाही, मी रोज बघते.

उन्हाळ कांदा चाळीत भरायच्या आधी आक्का मला शेजारी बसवायची. मोठा एकीकडे, गोल्टी म्हणजे बारका एकीकडे, जोड आणि फुलाचा दांडा आलेले डेंगळे बाजूला. नजर दुसरीकडे असली तरी तिच्या तळहाताला माप कळायचं. लासलगावला लिलावात मिसळ माल दिसला की भाव पडतो, म्हणून ती एकेक कांदा फिरवून बघायची आणि रात्री तिला कंबर सरळ करता यायची नाही. पुढे मी अंबडला कारखान्यात इन्स्पेक्शनला लागले, हातात भोक मापात आहे का ते बघायचा गो-नो गो गेज आला. 'गो' बाजू आत गेलीच पाहिजे, 'नो गो' जाता कामा नये. आक्काला घरी आणून दाखवला होता एकदा. ती म्हणाली, हे लोखंड बरंय, याची कंबर दुखत नाही.

कांदा खाली पडायचा तुमचा रोलरमधला गॅप सुरुवातीला ४५ मिलिमीटर, पुढे रुंद होत ६० पर्यंत. मोजला तेव्हा बरोबर आला, आणि पोतं ओतल्यावर गोल्टीत मोठे कांदे पडायला लागले. हे वाचताना मी मान हलवत होते. रिकाम्या मशीनवर घेतलेलं माप ते. वजन आलं, रोलर मधोमध लवले, गॅप वाढला. आमच्याकडे असल्या गोष्टी रिजेक्शनचा ढीग लागल्यावर कळतात. तुम्ही भरल्या मशीनवर पुन्हा मोजलंत, मधे आधार दिलात, साल निघू नये म्हणून रोलरवर रबर चढवलंत. हे लिहिताना मला किती बरं वाटतंय ते तुला कळणार नाही.

पण पातळ पत्रा हातात धरून ड्रिल मारायचा नाही गं. ड्रिल पलीकडे निघताना पत्र्यात अडकतं आणि पत्रा पात्यासारखा गरगर फिरतो. खाली लाकडाचा ठोकळा, वर क्लॅम्प, मगच स्विच. ड्रिलवर हातमोजा नको, तो ओढला जातो. ओढणी नको. वेणी आत. ड्रिलचा कीस कधी बोटानं काढू नको, ब्रश घे. तुला हे सगळं शिकवलं असणार, माहीत आहे. मी सुपरवायझरकी करायला लागले, रागावू नको.

मी नवीन होते तेव्हा प्रेसवर एक दादा होते. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली तरच प्रेस खाली येते, हात बाहेर राहावेत म्हणूनच तशी केलेली असते. काम भरभर व्हावं म्हणून त्यांनी एक बटण पाचर मारून दाबून ठेवलं होतं. पुढचं लिहीत नाही. ते नंतर गेटवर बसायचे आणि मला नमस्कार डाव्या हातानं करायचे.

आणखी एक विचारायचं आहे. पाचव्या पानावर लिहिलंस, एकजण यायचा बंद झाला आणि त्याचं फ्रेमचं काम तू रात्री वर्कशॉपमध्ये पूर्ण केलंस. पत्रा फिरला तो त्याच रात्री ना? धरायला दुसरं कोणी नव्हतं म्हणून हातात धरलास? बाबांच्या ऑपरेशनच्या वेळीही तू असंच केलं होतंस. ताईला कळवलं नाहीस, मला झोपू दिलंस, आणि बारावीची परीक्षा तोंडावर असताना सगळी धावपळ स्वतः केलीस. तेव्हा मी सगळ्यांना अभिमानानं सांगत फिरले. आता तेच आठवून पोटात गोळा येतो. चौघांचं काम चौघांनी करायचं म्हणून तर हा कोर्स ठेवलाय. तो मुलगा का येत नव्हता, हे कोणी त्याला विचारलं का? तुझ्या सात पानांत ते कुठे नाही. त्याला ओरडायचं असेल तर ओरड, पण रात्री एकटीनं मशीन चालू करू नकोस. मशीनपाशी दुसरं माणूस हवंच, निदान मेन स्विच बंद करायला.

हे एवढं लिहायचं नव्हतं.

मामाचा कालच फोन होता. मार्चअखेर उन्हाळ कांदा काढणीला येईल, मशीन चाळीवर आणायचं असेल तर तो पुण्याला पिकअप पाठवतो म्हणतो. मामी विचारतात, हँडल बसून फिरवता येईल का? बायका दिवसभर उभ्या राहणार नाहीत. याचं उत्तर टीमला विचारून कळव. फ्रेम उतरवायला चार माणसं लागतील, तेव्हा सगळ्यांना घेऊन ये, त्या न येणाऱ्या मुलालाही. दोन दिवस आधी सांग, म्हणजे मी फर्स्ट शिफ्ट मागून घेईन.

तुझी,
आई