गाणं आलं, शिट्टी गेली

आदरणीय काका,

समोर आभार मानायला गेलो की तुम्ही विषय इंजिन ऑइलवर नेता. म्हणून हे असं, चारचौघांत.

आमच्या दोन आसनी विमानाच्या इंटरकॉमवर (हेडसेटमधून एकमेकांशी बोलायची सोय) फोनमधली गाणी ऐकायची, एवढीच माझी हौस. एक जॅक, दोन वायरी, तासाभराचं काम! फोनची वायर मी सरळ हेडफोनच्या लाइनला जोडून मोकळा झालो. गाणं वाजलं, पण रेडिओ विहिरीतून बोलल्यासारखा. वर एक बारीक शिट्टी. इंजिनचे फेरे वाढले की तिचाही सूर चढायचा.

तुम्ही आलात आणि अर्धा तास पेचकस हातातच घेतला नाहीत. (मला थोडा रागच आला होता.) फोन काढून ऐकलंत, नुसता चार्जर काढून ऐकलंत, अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र) बंद करून ऐकलंत. चार्जर निघाला की शिट्टी गायब! फोनला अर्थिंग दोन वाटांनी मिळत होतं, चार्जरमधून आणि ऑडिओच्या वायरीतून. त्या फेऱ्यात अल्टरनेटरची कुरकुर गाण्यात शिरत होती. आणि रेडिओ मंद का? विमानाचे हेडसेट साधारण १५० ते ६०० ओहमचे, फोनचं आउटपुट मात्र अगदी कमी ओहमचं. रेडिओचा आवाज कानाऐवजी फोनच गिळत होता.

मग तुम्ही इंटरकॉमचं मॅन्युअल उघडलंत. संगीतासाठी वेगळं इनपुट त्यात ठळक दाखवलेलं होतं. मी ते पान उलटलंही नव्हतं, तरी तुम्ही एका शब्दाने टोचलं नाहीत.

शील्ड (वरून धातूच्या जाळीचं वेष्टण) असलेली वायर, शील्ड फक्त इंटरकॉमच्या टोकाला जोडलेली. ३.५ मिमीचा जॅक पॅनेलच्या धातूला टेकू नये म्हणून नायलॉनचे वॉशर. मध्ये ६०० ओहमचा, एकास एक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे आवाज पुढे जातो, पण दोन्हीकडच्या वायरी एकमेकींना थेट जोडल्या जात नाहीत. आमचा इंटरकॉम मोनो, म्हणून मी डावी-उजवी वायर पिळून एकत्र करायला निघालो, तेव्हा हात धरलात: "भांडतील दोघी. प्रत्येकीला आपापला रेझिस्टर दे." सोल्डरिंग माझ्याकडून तीनदा करून घेतलंत.

पण खरा ऋणी आहे तो शेवटच्या चाचणीबद्दल. वाजतंय म्हणून मी पॅनेल बंद करायला घेतलं, तर तुम्ही हँडहेल्ड रेडिओ घेऊन लांब जाऊन उभे राहिलात आणि पुन्हा पुन्हा हाक दिलीत. प्रत्येक हाकेला गाणं दबतंय याची खात्री पटल्यावरच लॉगबुकात सही केलीत.

परवा उजव्या सीटवर आई होती. तिचं आवडतं गाणं ऐन रंगात आलं, टॉवरची हाक आली आणि गाणं गप्प. आई वैतागली. मी मात्र तुम्हाला मनातल्या मनात नमस्कार केला.

आपला,
मॅन्युअल न वाचणारा वैमानिक