लंडनला जाणाऱ्या ज्येष्ठांसाठी बसच सोयीची

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

परदेशी मुलांकडे राहायला जाणाऱ्या ज्येष्ठांविषयीचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. लंडनमध्ये भुयारी रेल्वेने फिरावे आणि ते न जमल्यास टॅक्सी करावी, असे त्यात सुचवले आहे. साठी-सत्तरीतल्या माणसांसाठी हा सल्ला गैरसोयीचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मुलगा-सून किंवा लेक-जावई सकाळी कामावर गेले की, टॅक्सी परवडत नाही आणि भुयारी रेल्वेचे जिने झेपत नाहीत म्हणून कितीतरी आई-वडील शनिवार-रविवारची वाट पाहत घरात बसून राहतात. वास्तविक, जवळच्या थांब्यावरून जाणारी लाल बस त्यांना शहरभर नेऊ शकते.

भुयारी रेल्वे वेगवान आहे, यात वाद नाही. परंतु तिच्या २७२ स्थानकांपैकी जेमतेम एक-तृतीयांश स्थानकांवरच रस्त्यापासून फलाटापर्यंत पायऱ्यांविना जाता येते, आणि गाडी बदलताना किती चालावे लागेल याचा अंदाज नकाशावरून येत नाही. २०२२ मध्ये सुरू झालेली एलिझाबेथ लाइन ही वेगळी रेल्वे मात्र याला अपवाद असून तिच्या सर्व स्थानकांवर अशी सोय आहे. हीथ्रो विमानतळाहून शहरात येताना म्हणूनच ती बरी पडते.

बसची गोष्ट वेगळी. थांब्यावर आलेली बस चालकाला फुटपाथच्या बाजूला झुकवता येते, मधल्या दारातून व्हीलचेअरसाठी फळी बाहेर येते, आणि पुढच्या थांब्याचे नाव आतल्या पाटीवर दिसते तसेच ऐकूही येते. २०१४ पासून बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत; चढताना चालकाजवळच्या गोल पिवळ्या यंत्राला ऑयस्टर (लंडनच्या वाहतुकीचे, आधी पैसे भरून ठेवायचे कार्ड) किंवा बँकेचे कॉन्टॅक्टलेस कार्ड टेकवले की झाले, उतरताना काही करावे लागत नाही. (रेल्वेत मात्र बाहेर पडतानाही कार्ड टेकवावे लागते, नाहीतर कमाल भाडे कापले जाते.) पहिली बस पकडल्यापासून तासाभरात दुसरी-तिसरी बस घेतली, तर तिचे वेगळे भाडे पडत नाही. एकाच कार्डावर दोघांना जाता येत नाही, हे नीट लक्षात ठेवले पाहिजे. आपल्याकडे पुष्कळ घरांत कार्ड यजमानांच्या पाकिटात असते. पत्नीलाही एकटीने बाहेर पडता यावे, यासाठी तिचे स्वतंत्र कार्ड असायलाच हवे. भारतातील बँकेचे कार्ड नेणार असाल, तर त्यावरील परदेशातील व कॉन्टॅक्टलेस वापराची सोय निघण्यापूर्वी चालू करून घ्यावी आणि परकीय चलनावरील शुल्काचीही चौकशी करावी.

एक उदाहरण देतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये ज्या १०, किंग हेन्रीज रोड येथील घरात राहत होते, ते महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले. मराठी माणसाने हे घर पाहिल्यावाचून लंडनहून परतू नये. शहराच्या मध्यावरील ट्रफाल्गर चौकातून २४ क्रमांकाच्या बसने कॅम्डन टाउनला उतरावे आणि तेथून ३१ क्रमांकाची बस घ्यावी. ती किंग हेन्रीज रोडला समांतर असलेल्या ॲडलेड रोडने जाते. दुसरी बस तासाच्या आत मिळाली, तर हा सारा प्रवास एकाच भाड्यात होतो, आणि वाटेत शहरही पाहून होते.

सामान असेल, गुडघे दुखत असतील किंवा रात्र झाली असेल, तर टॅक्सी जरूर करावी. पण काळी टॅक्सी आणि मिनीकॅब यांतला फरक जाणून घ्यावा. काळ्या टॅक्सीच्या टपावरचा दिवा लागलेला असेल, तर तिला रस्त्यात हात करता येतो. ती मीटरने चालते, कार्ड स्वीकारते आणि तिच्यात व्हीलचेअर चढवता येते. तिच्या चालकांना १८६५ पासून चालत आलेली, मध्य लंडनमधील चॅरिंग क्रॉसभोवतालच्या सहा मैलांतील हजारो रस्ते मुखोद्गत असावे लागणारी परीक्षा द्यावी लागते. मिनीकॅब मात्र आधी नोंदवूनच घ्यायची असते. विमानतळाच्या किंवा स्थानकाच्या दारात ‘टॅक्सी हवी का’ म्हणून जवळ येणाऱ्याच्या गाडीत, तो आपली भाषा बोलत असला तरी, बसू नये.

मे महिन्याच्या सुट्टीपूर्वीच्या पुरवणीत ही माहिती ठळक अक्षरांत, चौकटीत छापावी, अशी आपणास विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक ज्येष्ठ वाचक, पुणे