प्लेटलेट घटल्या, तर स्मिअर पाहा

पावसाळ्यात गरोदर स्त्रीच्या प्लेटलेट ३० हजारांखाली गेल्या, की संशय आधी डेंग्यूवर, मग हेल्प सिंड्रोमवर (गरोदरपणातला गंभीर आजार; यात तांबड्या पेशी फुटतात, यकृताला इजा होते आणि प्लेटलेट घटतात). दोन्ही रास्तच. राहून जातो तो टीटीपी (थ्रॉम्बोटिक थ्रॉम्बोसायटोपेनिक पर्प्युरा) हा रक्तविकार. उपचार न मिळाल्यास त्यात दहापैकी नऊ रुग्ण दगावतात. यात शरीराचीच प्रतिपिंडे 'अ‍ॅडॅमटीएस-१३' हे विकर निकामी करतात. बारीक रक्तवाहिन्यांत प्लेटलेटच्या गुठळ्या होतात आणि तिथून जाताना तांबड्या पेशी फाटतात.

म्हणून मशीनच्या आकड्यावर न थांबता स्मिअर, म्हणजे काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा थेंब, सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. फाटक्या पेशी दिसल्या, एलडीएच (पेशी फुटल्यावर रक्तात वाढणारा घटक) खूप वाढलेले, पण पीटी-एपीटीटी (रक्त गोठण्याच्या चाचण्या) नॉर्मल असेल, तर विकराच्या तपासणीसाठी रक्त घ्यावे. तेही प्लाझ्मा (रक्तद्रव) देण्याआधी आणि निळ्या टोपणाच्या सायट्रेट नळीत. जांभळी ईडीटीए नळी चालत नाही. तिच्यात विकरच बंद पडते. विकराची क्रियाशीलता १० टक्क्यांखाली आली, तर निदान जवळपास पक्के.

अहवाल यायला दिवस लागू शकतात. संशय दाट असेल तर तोवर न थांबता प्लाझ्मा एक्स्चेंज (रुग्णाचा प्लाझ्मा काढून दात्याचा देणे) आणि स्टेरॉइड सुरू करावेत. जीवघेणा रक्तस्राव नसेल, तर नुसता आकडा बघून प्लेटलेट चढवू नयेत. प्रसूतीनंतर ७२ तासांतही प्लेटलेट काउंट सावरत नसेल, तर 'हेल्प'चे लेबल पुन्हा तपासायलाच हवे.

– एक रक्तविकारतज्ज्ञ, पुणे