जोर बंद, बैठका चालू

प्रिय मंदार,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या उजव्या खांद्याचा स्नायुबंध (स्नायू हाडाला जोडणारा दोर) सुजलाय, फाटलेला नाही, हे तुझ्या पत्रात वाचून जीव भांड्यात पडला. पण ‘खांदा बरा होईपर्यंत पूर्ण आराम’ हे डॉक्टरांचं की तुझंच? दुखतोय खांदा, पाय नव्हे. जोर बंद ठेव, बैठका चालू राहू देत: 10-10 च्या तीन फेऱ्या. रोज अर्धा तास चाल, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगानं. हात खिशात नको, सैल हलू दे. जिममधली सायकलही चालेल, फक्त हँडलवर भार टाकून वाकू नकोस.

सूर्यनमस्कार मात्र आत्ता नकोत. लोक त्यांना हलका व्यायाम समजतात, पण एकेका नमस्कारात अंगाचा भार तीन-चारदा तरी खांद्यांवर येतो. हात बाजूनं वर नेताना साधारण 60 ते 120 अंशांच्या टप्प्यात तुला कळ येते ना? तूर्त कोपर खांद्याच्या खालीच ठेव.

खांद्यासाठी एकच व्यायाम, पण नीट कर. उजवी बाजू भिंतीकडे करून उभा राहा. कोपर काटकोनात वाकवून बरगडीला टेकव, मधे घडी घातलेला नॅपकिन. आता पंजाची मागची बाजू भिंतीवर दाब, निम्म्या जोरानं, 30 सेकंद. हात जागचा हलता कामा नये. मिनिटभर थांब; असं पाच वेळा. नॅपकिन पडला तर समज, कोपर बाहेर सरकलं आणि काम वरच्या मोठ्या स्नायूनं उचललं. ज्या आतल्या लहान स्नायूंसाठी हा खटाटोप, ते फुकट बसले. खांदा कानाकडे चढतो तेव्हाही तेच होतं. आरसा समोर असू दे.

दुखणं दहापैकी तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या सकाळी मूळ पदावर यायला हवं. रात्री ठणकलं, तर पुढच्या खेपेला प्रमाण निम्मं कर. झोपताना डाव्या कुशीवर, पोटाशी उशी घेऊन तिच्यावर उजवा हात.

हात झोळीत अडकवून ठेवू नकोस. तुला साखर आहे, खांदा आखडायचा धोका इतरांपेक्षा जास्त. कोपर बरगडीशी ठेवून, डाव्या हातानं काठी ढकलूनही उजवा पंजा बाहेर वळत नसेल, तर वाट न बघता दाखवून ये. हातात मुंग्या येऊ लागल्या किंवा ताकद गेली, तरीही.

वजनं कधी? हात डोक्यावर विनातक्रार जातो, दुखण्यानं झोप मोडत नाही आणि भिंतीवरचे 15 जोर निघतात, तेव्हा. सुरुवात रबरी पट्टा मागे ओढण्यापासून, मग एक-दोन किलोचं डंबेल. डोक्यावर वजन नेणं आणि डिप्स (दोन दांड्यांवर हातांनी अंग तोलून खाली-वर होणं) सगळ्यात शेवटी. आणि स्कूटर मेन स्टँडवर ओढणं बंद. साइड स्टँड कशासाठी दिलाय?

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
विनय